अवयवदान झालं, पण थोरले चुलते घरी येईनात. वर्षश्राद्धाआधी सल्ला हवा

रंकाळावेस (धागालेखक)

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचतोय, लिहिणं क्वचित. आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

माझा थोरला भाऊ, दादा, मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होता. बीपीच्या गोळ्या खिशात असायच्या, पोटात कमी जायच्या. गेल्या हंगामात सौदा चालू असतानाच कोसळला. मेंदूत मोठा रक्तस्राव. ऑपरेशन करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी तपासण्या करून मेंदू मृत झाल्याचं सांगितलं आणि मग हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण समन्वयक बाईंनी वहिनीला बाजूला बसवून अवयवदानाचं विचारलं. वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांचा हात गरम आहे अजून." बाईंनी यंत्र काय करतंय, औषधं काय करतायत, सगळं परत पहिल्यापासून सांगितलं. वहिनीनं आईकडं बघितलं, आईनं मान हलवली आणि सही झाली. दोन्ही मूत्रपिंडं, यकृत आणि डोळे दिले. यकृत पुण्याला गेलं.

आमचे थोरले चुलते, तात्या, तेव्हा गावाकडं होते. धावपळीत त्यांना निरोप गेला तो फक्त "दादा गेला" एवढाच. घरी अंघोळ घालायला तेच पुढं झाले. अंगावरचं कापड सरकलं आणि गळ्याखालपासून बेंबीच्या खालपर्यंतचे टाके त्यांनी बघितले. "कुणाला विचारून चिरलंसा माझ्या पोराला?" असं ओरडले ते अजून कानात आहे. रक्षाविसर्जनाला आले, पण त्यानंतर आमचा उंबरा चढले नाहीत. याच माणसानं दर होळीला गल्लीतनं शेणी (गोवऱ्या) गोळा करून ट्रॉली पंचगंगा स्मशानभूमीत दान म्हणून पोच केलीय, म्हणजे देण्याच्या विरोधात म्हणावं तर तसंही नाही.

आता वर्षश्राद्ध आलंय. तात्यांना कसं बोलवावं? आणि दुसरं म्हणजे, पेपरात दादाचं नाव-गावासकट आलं होतं. ते वाचून महिन्यापूर्वी एकाचा फोन आला की माझ्या वडिलांना तुमच्याच माणसाची किडनी बसलीय, भेटायला येतो. वहिनीला भेटायचंय. मला भीती वाटते. तुमचे अनुभव सांगा.

शिवाजीपेठकर

भावा, वहिनींना नमस्कार सांग. एवढंच लिहायला लॉगिन झालो.

अनुजा_त

वाचून गलबलून आलं. तात्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं. ज्या पोराला खांद्यावर घेऊन जोतिबाला नेलं असेल, त्याच्या अंगावर अचानक एवढी मोठी शिवण दिसली तर माणूस ओरडणारच. त्यांचा राग दानावर आहे की न सांगण्यावर, हे आधी शोधा. मला तरी दुसरंच वाटतंय.

कागलकर

थोडं कटू बोलतो. "मेंदू मृत" हे मला अजून पटत नाही. हृदय चालू, लघवी होतेय, अंग गरम, आणि म्हणायचं माणूस गेला? आमच्या भावकीतला एक जण कोमातनं दोन महिन्यांनी उठला. डॉक्टर घाई करत नसतील कशावरून? शेवटी प्रत्यारोपणात पैसा आहेच.

आयसीयू_सिस्टर

कागलकर, शंका रास्त आहे. मी बरीच वर्षं अतिदक्षता विभागात काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

कोमा आणि मेंदूमृत्यू या दोन वेगळ्या अवस्था आहेत. कोमात मेंदू जखमी असतो, पण मेंदूचा खोडाचा भाग, म्हणजे श्वास चालवणारा भाग, जिवंत असतो. असा माणूस उठू शकतो. तुमच्या भावकीतले गृहस्थ कोमात असणार. खोडच मेलं तर श्वास स्वतःहून कधीच परत येत नाही. हृदयाला स्वतःची चालना असते, त्यामुळं व्हेंटिलेटरनं ऑक्सिजन मिळतोय तोवर ते चालतं. बहुधा काही तासांत किंवा काही दिवसांत तेही थांबतं.

तपासणी अंदाजानं होत नाही. बुबुळावर उजेड टाकतात, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाला कापूस लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, घशातल्या नळीत सक्शन घालून खोकला येतो का बघतात. शेवटी व्हेंटिलेटर काढून नळीतनं नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. खोड जिवंत असेल तर ते श्वास घ्यायला लावतंच. छातीकडं टक लावून आम्ही सगळे उभे असतो. ती मिनिटं फार लांब असतात, आणि खरं सांगते, हलावी असंच प्रत्येकाला वाटत असतं. हे सगळं किमान सहा तासांच्या अंतरानं परत करायचं. चार डॉक्टरांच्या सह्या लागतात आणि त्यात प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला एकही चालत नाही. १९९४ च्या कायद्यातच तसं आहे.

अवयव कुणाला द्यायचा हेही ते हॉस्पिटल मनानं ठरवत नाही. आपला कोल्हापूरचा भाग पुण्याच्या विभागीय समन्वय केंद्राखाली येतो, झेडटीसीसी म्हणतात त्याला. यादी, रक्तगट, आजाराची निकड बघून तिथनं ठरतं.

कागलकर

सिस्टर, एवढं नीट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सहा तासांनी परत तपासतात हे माहीतच नव्हतं. तरी एक मुद्दा सोडत नाही. घेणाऱ्याला ऑपरेशनचे लाखो मोजावे लागतात. देणारा गरीब, घेणारा श्रीमंत, असं होतंच ना?

आयसीयू_सिस्टर

होतं. नाही कसं म्हणू? किडनी प्रत्यारोपण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं, पण यकृत-हृदयाचा खर्च सामान्य घराला झेपत नाही, आणि किडनीच्या नंतरच्या औषधांचाही भार असतोच. त्यासाठी सरकारशी भांडायला हवं. देणाऱ्या घराला मात्र संमतीनंतरचा, अवयव टिकवण्याचा आणि काढण्याचा खर्च येत नाही. आधीच्या उपचाराचं बिल घरच्यांचंच असतं. हा फरक तोंडी न ठेवता लेखी मागून घ्यावा, कारण तिथंच गैरसमज होतात.

गडहिंग्लजकर

आमच्या घरचा अनुभव वेगळा आहे. मेव्हण्याचा अपघात झाला, हेल्मेट नव्हतं. पोलीस केस असल्यामुळं पोस्टमॉर्टेम होणारच होतं. अवयवदानाला पोलिसांची आणि न्यायवैद्यक डॉक्टरांची परवानगी लागली, त्यात वेळ गेला. सासरे म्हणत होते, "पोरगं पडून आहे आणि आपण कागदं नाचवतोय." पण एक सांगतो, रंकाळावेस. पोस्टमॉर्टेमलाही तशीच शिवण असते. आमच्या गावात पोस्टमॉर्टेम झालेला देह कितीजणांनी बघितलाय, त्यावर कुणी "चिरला" म्हणत नाही. तात्यांना हे सांगून बघा.

अनुजा_त

गडहिंग्लजकर, पोस्टमॉर्टेमला कुणी नाही म्हणू शकत नाही, म्हणून लोक सोसतात. इथं "हो" म्हणता येतं तसं "नाही" म्हणता येतं, आणि ते न विचारता ठरलं हेच लागलंय त्यांना. शिवणीची तुलना करून ते शांत होतील असं वाटत नाही.

बसवप्रभू

अवांतर विचारतो. आमच्या लिंगायत समाजात देह बसवून दफन करतात. अवयव काढल्यावर तसं करता येतं का? आजीला हाच प्रश्न पडलाय, घरात दुसरं कुणी उत्तर देऊ शकत नाही.

आयसीयू_सिस्टर

येतं. शस्त्रक्रियेसारखीच नीट शिवण घालून, पुसून, पट्टी लावून देह देतात. दफन असो की दहन, विधीत काही अडत नाही. अंघोळ घालणाऱ्यांना आधी सांगून ठेवा आणि जोरात चोळू नका, एवढंच. धाग्यातल्या प्रसंगानंतर हे मी प्रत्येकाला सांगणार आहे.

मिसळ_ज्यादा_कट

आमचे आजोबा देहदानाचा फॉर्म भरून आले आणि ओसरीवर बसून जाहीर केलं, "आयुष्यभर मेडिकल कॉलेजाच्या बाहेर चहा विकला. मेल्यावर तरी आत ॲडमिशन मिळू दे." आजी दोन दिवस बोलली नाही, मग तिनंही भरला. म्हणाली, "तिथंही ह्यांना एकट्याला सोडत नाही."

दत्तू_मास्तर

मिसळबुवा, आजोबांना दंडवत.

मात्र नव्या वाचकांसाठी फरक सांगतो, कारण गावात सगळ्यालाच "देहदान" म्हणतात. देहदान म्हणजे पूर्ण देह वैद्यकीय महाविद्यालयाला, शरीररचनेच्या अभ्यासासाठी. ते नैसर्गिक मृत्यूनंतर होतं, पोस्टमॉर्टेम झालेला देह घेत नाहीत. किडनी, यकृत, हृदय हे अवयवदान मुख्यतः मेंदूमृत्यूतच होतं, म्हणजे व्हेंटिलेटरवर असतानाच. आणि डोळे, त्वचा या ऊतींचं दान घरात वारलेल्या माणसाचंही होतं. डोळे दिल्यावर देहदान करता येतं. अवयव काढल्यावर मात्र महाविद्यालयं बहुधा देह घेत नाहीत.

माझी आई शहाऐंशीव्या वर्षी भुदरगडात आमच्या घरी वारली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, साखर होती, चष्मा होता. तरी डोळे घेतले. नेत्रपेढीला फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलं की पंखा बंद करा, पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. सहा तासांच्या आत काम व्हावं लागतं. दोघे आले, डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला बघितला, थोडं रक्त घेतलं. वीसेक मिनिटांत झालं. चेहरा जसाच्या तसा. भजनी मंडळ तोवर बाहेर अभंग म्हणत होतं, त्यांना थांबावंही लागलं नाही. शेजारची एक बाई म्हणाली, "पुढल्या जन्मी म्हातारी आंधळी यायची." आमच्या दिंडीतले माळकरी बुवाच तिला म्हणाले, "बाई, अग्नीत दिलेले डोळे कुठल्या जन्माला पोचतात ते सांग आधी."

खासबाग

मास्तर, भारी. माझ्या चुलत्याचेही डोळे दिलेत. आयुष्यात एक मैदान चुकवलं नाही गड्यानं. ज्याला ते डोळे बसलेत, त्यानं एकदा तरी खासबागेत कुस्ती बघावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

निपाणी_नाका

सगळे "द्या, द्या" म्हणताय म्हणून लिहितो. आमच्या घरी नकार दिला. आई व्हेंटिलेटरवर होती, बाबांना विचारलं, ते म्हणाले, "मला तिला आहे तशी घरी न्यायचीय." आम्ही भावंडांनी एकदाही त्यांना समजवायला बघितलं नाही. आजही मला तो निर्णय योग्यच वाटतो, कारण उरलेलं आयुष्य बाबांना काढायचं होतं. नकार देणाऱ्या घरांना स्वार्थी ठरवू नका, एवढीच विनंती.

आयसीयू_सिस्टर

तुमच्याशी पूर्ण सहमत. चांगला समन्वयक नकार ऐकून त्याच मायेनं चहा विचारतो. दबाव टाकून मिळवलेली सही पुढं घर पोखरते.

शिवाजीपेठकर

सहमत. पण भावा, मागणीही डोंगराएवढी आहे. २०२३ साली अख्ख्या देशात मृत्यूनंतर अवयव देणारे १,०९९ होते, आणि हजाराचा आकडा त्या वर्षी पहिल्यांदा पार झाला म्हणून बातम्या आल्या. एवढ्या मोठ्या देशात! म्हणूनच ज्यांना किडनी मिळते त्यातल्या बहुतेकांना घरातला जिवंत माणूसच ती देतो, आणि तो माणूस बहुधा आई नाहीतर बायको असते. यावर कुणी धागा काढत नाही.

जयसिंगपूर_लोकल

मी दुसऱ्या बाजूचा. माझ्या भावाला किडनी मिळालीय, अनोळखी माणसाची.

आधी डायलिसिस. आठवड्यातनं तीनदा, दर खेपेला चार तास सुई टोचून पडून राहायचं. पाणी मोजून. उन्हाळ्यात रसवंतीवरनं जाताना तो तोंड फिरवायचा, आम्ही घरात त्याच्यासमोर तांब्या तोंडाला लावत नव्हतो. मग एका रात्री फोन आला, निघा म्हणून. तेव्हा आईनं विचारलं, "म्हणजे कुणीतरी गेलं?" आनंद करायचा की नाही तेच कळेना. आजही ती त्या तारखेला शिधा काढते, "त्या घराच्या नावानं" म्हणून. नाव माहीत नाही.

रंकाळावेस, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगतो. माझा भाऊ देणाऱ्या घराला भेटायला घाबरतो. एकदा मी कारण विचारलं. म्हणाला, "ही किडनी जन्मभर टिकंलच असं नाही. रोज दोन वेळा गोळ्या घेतो, तरी शरीर कधी तिला परकं म्हणंल सांगता येत नाही. उद्या ती गेली तर त्या माऊलीचा माणूस दुसऱ्यांदा गेला. ते तिला कळवायचं कुणी?" मला हे तोवर सुचलंच नव्हतं. वहिनींना हे जरूर सांगा. भेटू नका असं माझं म्हणणं नाही, पण भेटीनंतर त्या माणसाच्या प्रत्येक तापाची बातमी वहिनींपर्यंत येणार.

आयसीयू_सिस्टर

जयसिंगपूर, तुमच्या भावाला आयुष्य लाभो.

रंकाळावेस, फोनबद्दल. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची ओळख दोन्हीकडं गुप्त ठेवायची पद्धत आहे, आणि ती बरी आहे. तो माणूस खरं बोलतही असेल, पण त्यानं फक्त बातमीतली तारीख जुळवलीय. त्याच सुमाराला दुसरीकडंही दान झालेलं असू शकतं. "हो, तेच" असं तुम्ही म्हणू नका. समन्वयकांना कळवा, नाव न सांगता तब्येतीची खुशाली विचारा. आणि पेपरात नाव-फोटो द्यायचा की नाही हे घरच्यांनी ठरवायचं असतं, हे इतरांनी लक्षात ठेवा.

कागलकर

मला एक सुचतंय. वर्षश्राद्धाला वहिनींचा सत्कार ठेवा ना, गावातनं. तमिळनाडूत २०२३ पासून अवयवदात्यांना शासकीय इतमामात निरोप देतात. तात्यांनाही दिसंल की हे मानाचं काम आहे.

अनुजा_त

कागलकर, तुम्ही एका धाग्यात केवढे बदललात! पण सत्कार नको. तात्यांना सगळ्या गावासमोर चूक ठरवल्यासारखं होईल. शाल-नारळापुढं माणूस हट्टालाच पेटतो.

दत्तू_मास्तर

मी अनुजाताईंच्या बाजूनं. कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. चुलता त्यात नाही. तात्यांची सही लागतच नव्हती, आणि वहिनींनी केलं ते कायद्यानं आणि मनानंही योग्य. पण आपल्याकडं थोरल्या चुलत्याला न विचारता घरात बैलसुद्धा विकत नाहीत. फॉर्मवर त्यांना जागा नाही, म्हणून घरातली जागा जात नाही. त्यांना आमंत्रण देऊ नका. आमंत्रण परक्याला असतं. वहिनी आणि आई दोघींनी गावी जाऊन त्या दिवशी काय काय घडलं ते सगळं त्यांना सांगावं. त्यांना अजून कुणी ते सांगितलेलंच नाही.

खासबाग

+१. आणि तुम्ही जाऊ नका रंकाळावेस. बाया बोलू देत. पुरुष माणसं मध्ये पडली की हिशेब निघतात.

निपाणी_नाका

मास्तरांशी सहमत. आमच्या बाबांनाही नंतर कितीदा तरी तोच दिवस परत परत सांगायला लागायचा.

रंकाळावेस

मंडळी, उशिरा लिहितोय. तुम्ही सगळ्यांनी घरच्यासारखं लिहिलंत, मनापासून आभार.

जयसिंगपूरकरांचा प्रतिसाद वहिनीला वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "त्याला सांगा, गेली तरी मी तसं म्हणणार नाही." पण भेटायचा विषय तिनंच बंद केला. समन्वयक बाईंना फोन केला. नावं मिळणार नाहीत म्हणाल्या, पण अवयव मिळालेले घरी गेलेत, बरे आहेत, एवढं कळवलं. त्या फोनवाल्याला मी नम्रपणे सांगितलं की खात्री करता येत नाही, वडिलांना जपा. तोही समजूतदार निघाला.

आई आणि वहिनी गावी गेल्या. मी गाडीतच थांबलो. आईनं सांगितलं त्यावरनं लिहितो. तात्यांनी आधी जनावरांचं आवरून घेतलं, दोघींना तसंच बसवून ठेवलं. मग वहिनीनं पहिल्यापासून सांगितलं, कानात पाणी सोडलं ते, सहा तासांनी परत तपासलं ते, हात गरम होता ते. तात्यांनी मधेच विचारलं, "मी असतो तर मला विचारलं असतंस?" वहिनी म्हणाली, "विचारलं असतं. तुम्ही नको म्हणाला असता तर मी भांडले असते." यावर ते काही बोलले नाहीत. निघताना आईला म्हणाले की अजून त्यांना पटलेलं नाही. पण श्राद्धाला येणार आहेत आणि भटजींचं ते बघणार आहेत. राग गेलाय असं मी म्हणणार नाही.

शिवाजीपेठकर

वहिनी नाद खुळा. "भांडले असते" म्हणायला काळीज लागतं.

जयसिंगपूर_लोकल

निरोप भावाला पोचवला. त्यानं फोन ठेवून दिला, नंतर परत केला. वहिनींना साष्टांग नमस्कार सांगा म्हणाला.

बसवप्रभू

आमच्या घरी येत्या रविवारी सगळे जमतायत, तेव्हा आजीसमोरच प्रतिज्ञेचा फॉर्म भरायचा ठरवलंय. साक्षीदार दोन लागतात ना?

दत्तू_मास्तर

हो, फॉर्म सात. दोन साक्षीदार, त्यातला किमान एक जवळचा नातेवाईक हवा. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे नोटोच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकानंही नोंद होते. पण तुम्ही गेल्यावर विचारणार घरच्यांनाच, म्हणून कागदापेक्षा रविवारची बैठक महत्त्वाची. साक्षीदार म्हणून घरात सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्यालाच धरा.

बसवप्रभू

मग थोरला काकाच. आजच फोन लावतो.